डाव्या हाताचं नाणं

द्वारकामावशींनी प्लास्टरची थाळी दोन्ही हातांनी उचलली, दाराच्या उजेडाकडे वळवली आणि इतका वेळ बघत राहिल्या की त्यांना आता रडू येणार असं मला वाटलं. मी पाण्याचा तांब्या हळूच त्यांच्याजवळ सरकवला.

"हो कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमचे वडील," मी म्हटलं. "सावळाराम मेस्त्री. नाण्यावर असेच दिसणार. फक्त खूप लहान."

"न्हय." थाळी त्यांनी खाली ठेवली. "हो माजो बापूस न्हय."

शेजारी स्टुलावर बसलेले तुळसकर गुरुजी जागच्या जागी उडाले. "द्वारकाबाय, नीट बघ गो! माझ्या पुस्तकातलोच फोटो हा. तोंड तरी बघ."

"तोंड त्येचाच आसा. पण हात बघ." मावशींनी प्लास्टरवरच्या तुटक्या बोटांवर नख ठेवलं. "बापाशीचो उजवो हात गेल्लो. हेचो डावो गेलोहा."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. टांकसाळीच्या नक्षीखात्यात मला तिसरं वर्ष लागलं होतं. आमचं पोटफोड्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी घडवणारं. त्यातली मी पहिली सरकारी नोकर, आणि हे माझं पहिलं स्वतंत्र नाणं. पाच आठवडे खपून ताटाएवढ्या थाळीवर मी सावळारामांना उभं केलं होतं. उभं म्हणजे बसलेलं. रहाटाशेजारी मांडी घालून, एक हात रहाटाच्या मुठीवर, दुसऱ्या हाताला नुसता अंगठा. दिल्लीची मंजुरी आली होती. येत्या सोमवारी सकाळी ती थाळी यंत्रावर चढायची होती. थाळीवरून एक सुई फिरते आणि दुसऱ्या टोकाला तेच चित्र नाण्याएवढ्या पोलादावर कोरलं जातं, असं ते यंत्र. एकदा सुरू झालं की बदलाबिदलाची बात नाही.

आणि आज गुरुवार होता. थाळीची एक जादा नक्कल शालीत गुंडाळून, रातराणीनं मी वेंगुर्ल्याच्या पुढच्या या खाजणवाडीला आले होते. काम एवढंच, की कुटुंबाच्या संमतीपत्रावर सावळारामांच्या लेकीची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं.

सावळाराम मेस्त्री कोण, हे या खाडीच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी त्यांनी एक रहाट बनवला. काथ्याचं सुंभ वळायला तोवर तीन माणसं लागत, नाहीतर बायका ते तळहातांवर वळत, हात सोलून निघेपर्यंत. या रहाटावर एकटी बाई बसल्या जागी दिवसभर सुंभ वळू शकायची. त्याचं पेटंट नाही, कारखाना नाही. जो आला त्याला मेस्त्रींनी माप दिलं आणि रहाट खाडीच्या दोन्ही तीरांना पसरला. निवृत्त झाल्यावर तुळसकर गुरुजींनी त्यांच्यावर बत्तीस पानांचं पुस्तक लिहिलं आणि अठरा वर्षं दिल्लीला पत्रं पाठवली, जन्मशताब्दीला नाणं काढा म्हणून. शताब्दी या अक्षयतृतीयेला होती.

"गुरुजी, तुमच्याकडे मूळ फोटो आहे?" मी विचारलं.

"मूळ म्हणजे निगेटिव्हची काच होती. तालुक्याच्या फोटोवाल्याकडे. त्यानं त्यावरून छापून दिला, तोच हा. काच तर कधीच फुटली." ते चष्मा पुसायला लागले. "माणसाचा हात आठवण्यात चूक होऊ शकते. पन्नास वर्षं झाली त्यांना जाऊन."

"माज्या बापाशीचो हात मी इसरान?" मावशी उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण उठताना भिंतीला हात लावला नाही. "चल गो, बाय, माज्यावांगडा."

घरामागं माडाच्या झापांची एक खोप होती. आत कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा आंबूस वास कोंडला होता. कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी होतं. मावशींनी पोतं ओढलं आणि मी गुडघ्यांवर बसलेच.

तोच रहाट होता. फोटोतला, माझ्या थाळीवरचा, एकेक आरा मी मोजून कोरलेला. फक्त आरशात पाहावा तसा. मूठ डाव्या बाजूला होती. उजवीकडे, जिथं काथ्या आत जातो तिथं, फणसाच्या लाकडाची एक चोच होती, माणसाच्या अंगठ्यानं झिजून झिजून आत वळलेली.

"ह्या बघ," मावशी म्हणाल्या. त्या रहाटापुढं बसल्या, डाव्या हातानं मूठ धरली, काथ्याचा पुंजका उजव्या तळव्यात घेतला आणि चार बोटं मिटून नुसत्या अंगठ्यानं तो चोचीत सारला. रहाट कुरकुरला, एकदा अडला आणि मग फिरायला लागला. चोचीच्या दुसऱ्या तोंडातून सुंभ बाहेर यायला लागलं, बोटभर, वीतभर, हातभर. सारखं, घट्ट, कुठं गाठ नाही.

"मी आवशीच्या पोटात होतंय तेव्हा तेचो हात गेलो," रहाट न थांबवता त्या सांगत होत्या. "होडयेच्या कामार ओंडको पडलो. चार बोटां गेली. सुताराचो उजवो हात म्हणजे काय, तुका ठावक आसतला. लोक म्हणाक लागले, सावळो आता भीक मागतलो. आवस सुंभ वळून घर चालवी. तिच्या तळव्यांचा रगात सुंभाक लागा. ता बघून तेणा ह्यो राट केल्यान. तीन वर्सां लागली. सगळो डाव्या हातान केल्यान, डाव्या हातासाटीच. उजव्याक आंगठो होतो, म्हणान ही चोच."

म्हणजे तो तुटका हात ही नाण्यावरची एक करुण खूण नव्हतीच. त्या रहाटाची प्रत्येक जागा त्या हातानं ठरवली होती. चोच अंगठ्यासाठी होती, मूठ डाव्या हातासाठी. आणि मी मोठ्या हौसेनं कोरलेला माणूस या खऱ्या रहाटावर सुंभ वळूच शकला नसता. मूठ एकीकडे, त्याचा धड हात दुसरीकडे.

"आसतलो तुमचो एक जुनो राट तसो," गुरुजी दारातून म्हणाले. "पण बाकीचे..."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, खोपीच्या बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून अशी काही हाक मारली की माडावरचे कावळे उडाले.

"अगो शांतग्या! प्रमिला! राट काढा भायर! साहेबीण इलीहा बघूक!"

पाच मिनिटांत घरापुढच्या खळ्यात रहाट आले. पोरी आल्या, सुना आल्या, एक लेकुरवाळी पोराला कडेवर घेऊन आली. कुणाचा रहाट लाकडी, कुणाचा सायकलच्या चाकाचा, एकीचा तर चक्क शिलाई मशीनच्या चाकाचा. अकरा रहाट मी मोजले. सगळ्या बसल्या आणि फिरवायला लागल्या.

अकराच्या अकरा डाव्या हातानं.

"तुम्ही सगळ्या डावखुऱ्या आहात?" मी विचारलं.

खळाभर हसू फुटलं. "नाय गो!" कडेवर पोर असलेली म्हणाली. "जेवतो उजव्यानच. राट मात्र डाव्यान. राट तसोच आसता."

"तसोच कित्याक आसता?" मावशींनी तिला विचारलं.

ती गोंधळली. "म्हणजे? राट तसोच आसता नि."

एका माणसाचा उजवा हात गेला, आणि पंच्याहत्तर वर्षांनी अख्ख्या खाडीच्या बायका, त्याचं नावही धड माहीत नसलेल्या, डाव्या हातानं चाक फिरवत होत्या. मला नाचावंसं वाटत होतं, पण माझी थाळी शालीतून बाहेर डोकावत होती.

गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. "बाई, हात जोडतो," ते म्हणाले, आणि खरंच जोडले. "अठरा वर्षं मी ही फाईल पुढं ढकलतोय. 'चूक' हा शब्द एकदा कागदावर पडला की फाईल परत फिरते. शताब्दी काही दुसऱ्यांदा येत नाही. हात उजवा का डावा, दोन रुपयांच्या नाण्यावर कोण बघणार आहे? नाणं निघू दे. माणसाचं नाव तरी राहील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तेच हवं होतं. पाच आठवडे होते ते माझे.

पण मावशींना म्हातारपणी ऐकू कमी येत नव्हतं. "गुरुजी, तू पत्रां लिवलंस, तेचे उपकार मी इसराचंय नाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "पण उद्या ह्यो बायो ता नाणा बघतल्यो. आणि म्हणतल्यो, सरकारान छापलाहा म्हणजे ताच खरा. आमीच चुकीच्या हातान राट फिरयतो."

गुरुजींनी खळ्याकडे बघितलं. खळ्यातले रहाट तेवढे फिरत होते.

"फाईल परत गेली तर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तर जांव दी."

मी संमतीपत्र काढलं. सही करू नका असं सांगायलाच काढलं होतं, पण मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, पेन मागितलं आणि चौथीपर्यंत शिकलेल्या ठसठशीत अक्षरात सहीच्या वर एक ओळ लिहिली. मग सही केली. ती ओळ मला आजही पाठ आहे: 'बापाशीचा डावा हात राटावर असला तरच.'

पोस्टात ट्रंक कॉल लागायला सव्वा तास गेला. तोवर मी मावशींना रहाटापुढं बसवून चित्रं काढत होते, वहीची सगळी पानं संपवली, मग गुरुजींच्या पुस्तकाच्या कोऱ्या मलपृष्ठावर काढली. खांदा कसा वळतो, डाव्या मनगटाला पीळ कुठं पडतो, अंगठा चोचीत किती जातो. पोस्टातून गुरुजी मला बोलवायला धावत आले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून.

"निजामपूरकर बोलतोय," तिकडून आवाज आला. निजामपूरकर साहेब आमचे मुख्य नक्षीकार. अक्षराची मान केसभर वाकडी दिसली तर थाळी परत पाठवणारा माणूस. "सही झाली?"

"झाली सर. पण आपला हात चुकलाय."

"काय चुकलाय?"

"हात! काच पालथी धरून फोटो उलटा छापलेला होता सर. माणूस उलटा, रहाट उलटा, सगळं उलटं. इथं अकरा बायका बसल्यात, सर, आणि सगळ्या..." मी सगळं एका दमात सांगितलं. ऑपरेटर मध्येच म्हणाला, तीन मिनिटं झाली. मी म्हटलं, अजून तीन द्या.

तिकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग: "थाळी सोमवारी सकाळी नऊला यंत्रावर चढणार. नंतर यंत्र तीन महिने दुसऱ्या कामाला आहे. पहिली करायला तुम्हाला पाच आठवडे लागले. आता दिवस किती आहेत?"

"शुक्रवार, शनिवार, रविवार."

"शुक्रवारी तुम्ही दुपारी पोचाल."

"हो सर."

"मग फोनवर काय वेळ घालवताय?" आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी दुपारी मी स्टँडवरून थेट टांकसाळीत गेले, केस विंचरले नव्हते, साडीला काथ्याची कुसं चिकटलेली. निजामपूरकर साहेबांनी माझं टेबल रिकामं करून ठेवलं होतं आणि त्यावर नव्या प्लास्टरची थाळी, अजून ओलसर. संमतीपत्र त्यांनी वाचलं. मावशींची ओळ दोनदा वाचली. त्यांच्या मिशा हलल्या.

"छान," ते म्हणाले. "संमती आहे, आणि अट आहे. अट पाळली नाही तर संमती नाही. दिल्लीला तारेनं हेच कळवतो, शब्दाला शब्द." मग त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि माझ्या समोर स्टूल ओढून बसले. "अक्षरं माझ्याकडे द्या. माणूस तुमचा."

मी बघतच राहिले. मुख्य नक्षीकार झाल्यापासून त्यांनी हत्यार हातात धरलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून जुन्या फडक्यात बांधलेल्या स्वतःच्या कोरण्या काढल्या, एकेक बोटावर तपासली, आणि कामाला लागले.

तसे ते दोन-अडीच दिवस मला नंतर कधी मिळाले नाहीत. एकाच थाळीवर दोघं, डोकी जवळजवळ टेकलेली. ते कडेनं अक्षरं कोरत येत होते, मी मधून माणूस उठवत होते. ते म्हणायचे, "पोटफोडे, तुमचा गुडघा माझ्या 'रा'वर येतोय," आणि मी म्हणायचे, "सर, तुमचा काना माझ्या चाकाला लागतोय." थाळी फिरवायची वेळ आली की दोघं श्वास रोखायचो. पहिल्या वेळी मी जे चाचपडत पाच आठवडे केलं होतं, ते आता हाताला ठाऊक होतं. आणि काही गोष्टी तर मला पहिल्यांदाच कळत होत्या. मागच्या थाळीवर त्या माणसाचा खांदा मेला होता. रहाट फिरवतोय असं वाटतच नव्हतं. आता मावशींचा खांदा मी पाहिला होता. डावा खांदा किंचित वर, मान उजवीकडे, नजर चोचीवर. दुपारी चहा देणारा आला, कप ठेवून गेला, गार झाल्यावर घेऊनही गेला.

शनिवारी निजामपूरकर साहेबांनी छापील फोटो उचलला, भिंगाखाली धरला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "हा उलटा आहे हे ओळखायची काहीच खूण नव्हती? आपला धंदाच उलटं बघण्याचा. साच्यात सगळं उलटंच असतं."

नव्हती, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. फोटो धूसर होता, कुणी मला दोष दिला नसता.

"होती," मी म्हटलं.

त्यांनी भिंगावरून मान वर केली.

"बंडीची बटणं. पुरुषाच्या बंडीला बटणं उजव्या बाजूला असतात. फोटोत ती त्यांच्या डाव्या बाजूला आहेत. मला पहिल्याच आठवड्यात ते दिसलं होतं. वाटलं, त्या वेळच्या शिंप्याची चूक असेल. शताब्दीच्या नाण्यावर बायकी बंडी कशी दाखवायची?" मी जुन्या थाळीवरच्या बटणांवर बोट ठेवलं. "म्हणून मी बटणं सुलटी केली. फोटोत एवढी एकच खूण होती खरं सांगणारी. ती मीच पुसून टाकली."

फोटो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"मंजुरीला थाळी गेली, त्या कागदावर सही माझी आहे," मग ते म्हणाले. "फोटो माझ्याही समोर होता. बटणं मी बघितलीच नाहीत. तुम्ही निदान बघितलीत." आणि कोरणी उचलून 'त्री'ची वेलांटी सुरू केली. "दिसलेलं सुधारायच्या आधी विचारायचं. आता खाली बघा, अंगठा राहिलाय."

अंगठा मी रविवारी दुपारी पुरा केला. त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

सोमवारी साडेआठ वाजले तरी दिल्लीचं उत्तर नव्हतं. नऊला दहा कमी असताना यंत्रावरचा कारागीर येऊन विचारून गेला, कुठली थाळी चढवू? टेबलावर दोन होत्या. मंजूर झालेली जुनी, आणि कुणीच मंजूर न केलेली नवी. निजामपूरकर साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. कामाचा कागद ओढला, त्यावर 'बदललेली थाळी, माझ्या जबाबदारीवर' असं लिहिलं, सही ठोकली आणि नवी थाळी स्वतः दोन्ही हातांवर घेऊन यंत्राच्या खोलीकडे निघाले. मी पुढं पळत दारं उघडत होते.

उत्तर आलं बुधवारी. एका ओळीचं. अट मान्य, सुधारित नमुना पाठवावा. ते वाचून मी जी किंकाळी मारली, ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली म्हणतात. निजामपूरकर साहेब फक्त एवढंच म्हणाले, "गुरुजींना तार करा. म्हातारा माणूस झोपला नसेल." आणि मग पाठमोरे होऊन खिडकीशी उभे राहिले, ते बराच वेळ वळले नाहीत.

अक्षयतृतीयेला खाजणवाडीत शाळेच्या पटांगणात मांडव पडला. साहेब लोक आले, भाषणं झाली, त्यातल्या एकानं रहाटाला चरखा म्हटलं. दोन रुपयांचं पहिलं नाणं मखमली डबीत घालून मावशींच्या हातात दिलं. त्यांनी तिथंच, व्यासपीठावर, सगळ्यांदेखत डबी उघडली. नाणं बोटांवर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग डोळे मिटून अंगठ्यानं चाचपलं. पाहुणे ताटकळत उभे. खाली बसलेल्या गुरुजींचे ओठ हलत होते.

मावशींनी नाणं वर धरलं आणि समोरच्या बायकांना ओरडून सांगितलं, "डावो!"

मग जो गलका झाला त्यात पुढच्या भाषणाचं कुणाला काही ऐकू आलं नाही. गुरुजी लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

त्या रात्री मी मावशींकडेच राहिले. सकाळी मला गाडीवर बसवायला त्या स्टँडपर्यंत आल्या. गाडीला वेळ होता, म्हणून समोरच्या हॉटेलात बसलो. मी पर्स उघडायच्या आत मावशींनी कनवटीतून काढून टेबलावर नाणं ठेवलं.

"दोन च्या दी रे."

मी ओरडलेच. "मावशी! ते पहिलं नाणं आहे! डबी कुठाय?"

"डबी नातवाक दिलंय, बटणां ठेवूक."

"अहो, पण ते जपून ठेवायचं! असं दुसरं मिळणार नाही!"

"कित्याक जपूचा?" त्यांनी मलाच विचारलं. "बापूस कधी घरात बसलो नाय. कोणीय इलो, तेका राटाचा माप दिल्यान. मी तेका पेटयेत घालून काय करू? नाणा चलाक व्हया."

हॉटेलवाल्यानं नाणं उचललं, उलटसुलट केलं, "नवीन दिसता," म्हणाला आणि गल्ल्यात टाकलं. माझा जीव त्या गल्ल्यात अडकला. मला उठून ते सोडवून आणायचं होतं. माझ्याकडे दोन रुपये होते. मावशी बशीत चहा ओतून शांतपणे पीत होत्या. मी बसून राहिले.

गाडी लागली. कंडक्टर हॉटेलात नोट मोडायला आला आणि मूठभर चिल्लर घेऊन गेला. त्या मुठीत काहीतरी चकाकलं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनीही बघितलं होतं.

"बापूस चललो!" त्या म्हणाल्या आणि बोळकं उघडून हसायला लागल्या. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "पळ गो, गाडी सुटात!"

मी खिडकीजवळ बसले. पुढच्या फाट्यावर एक मासेवाली रिकामी पाटी घेऊन चढली. तिनं पाचाची नोट दिली, कंडक्टरनं तिकीट फाडलं, बॅगेत हात घातला आणि राहिलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. सगळ्यात वर ते नाणं होतं, सावळारामांचा चेहरा वर करून. तिनं न बघताच मूठ मिटली, पैसे कमरेला खोचले, पाटी पायांत घेतली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली.

मी इतकी हसत होते की तिनं विचारलं, "काय झाला गो, बाय?"

मी तिला खिडकीची जागा दिली, आणि कुडाळपर्यंत आम्ही तिघं एकाच बाकावर बसून गेलो.